आषाढाच्या मापाचे खणांचे कपाट

लाकडी खण पावसाळ्यात अडकतात, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी दोष मानत नाही. खण एका बाजूने ठोकायचा, दुसऱ्या बाजूने हिसडायचा आणि दिवाळीनंतर तो आपोआप मोकळा होईल म्हणून वाट पाहायची, ही घरोघरची रीत आहे. कपड्यांसाठी चार खणांचे एक सागवानी कपाट घरीच करायचे असे मी ठरवले, तेव्हा माझ्यासमोर सर्वांत आधी हाच प्रश्न उभा राहिला. बाजारातली टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे खण सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, वापरली तर तो सुटतो, कारण चॅनेलसाठी खणाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा सोडावीच लागते आणि खण कपाटाच्या लाकडाला कोठे टेकतच नाही. मला मात्र लाकडावर लाकूड सरकणारा, ओढताना जरासा जडपणा जाणवणारा आणि आत ढकलताना हवा कोंडून हळूच बसणारा खण हवा होता. त्यामुळे फळ्यांच्या मापांपासून पॉलिशच्या शेवटच्या हातापर्यंत सर्व काही आषाढातल्या हवेशी ताडून पाहावे लागले.

लाकूड फुगायला त्यावर पाणी पडावे लागत नाही. हवेतला दमटपणा पुरतो. ते तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ बदलत नाही. जे काही फुगणे-आकसणे होते ते रुंदीत आणि जाडीत होते. त्यातही फळी कशी चिरली आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. फळीच्या टोकाकडून पाहिल्यावर वार्षिक वलये पृष्ठभागाशी काटकोनात उभी दिसत असतील, तर ती फळी कमी हलते. वलये आडवी पसरलेली असतील, तर दुपटीहून अधिक हलते. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत पहिल्या प्रकारात सुमारे अडीच टक्के आकसतो, तर दुसऱ्या प्रकारात साडेपाच ते सहा टक्के. आपल्या घरातले लाकूड अर्थातच इतकी मोठी मजल मारत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस दमट राहते. या दोन टोकांमध्ये माझ्या घरात ठेवलेल्या सागाच्या तुकड्यात ओलाव्याचे प्रमाण मीटरवर साधारण 8 टक्क्यांपासून 14 टक्क्यांपर्यंत जाते. या फरकाने आडव्या वलयांची 9 इंच रुंदीची फळी सुमारे पावणेतीन मिलिमीटर फुगते. सुताराच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक. खालच्या मोठ्या खणाच्या डोक्यावर एक सूत फट ठेवायची, हा आकडा असा हिशेबाने आला.

आमच्या भागात अनेक वर्षे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांना कागदावरचा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी आकड्यांकडे फारसे पाहिले नाही. "साहेब, फट वर ठेवा, बाजूला नको. खणाची दर्शनी फळी उंचीत फुगते, लांबीत नाही. चारी बाजूंनी सारखी फट ठेवणारा सुतार पावसाळ्यात शिव्या खातो आणि उन्हाळ्यात त्याचा खण खुळखुळतो," एवढेच ते म्हणाले. माझ्या दोन पाने हिशेबाचे सार त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकले होते.

लाकूड जुने घ्यायचे हे आधीपासून ठरले होते. नव्या सागाचे दोन प्रकार बाजारात दिसतात. एक आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, आलापल्ली आणि बल्लारशा या नावांनी ओळखला जाणारा साग. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारशाहूनच सागवान पाठवण्यात आले, तेव्हापासून हे नाव सुतारकामाशी संबंध नसलेल्या लोकांनाही ठाऊक झाले. तो उत्तम असतो आणि त्याचा भावही तसाच असतो. दुसरा परदेशातल्या लागवडीचा. म्यानमारने 2014 च्या एप्रिलपासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर आफ्रिकेतून आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या लागवडीच्या सागाचे प्रमाण वाढले. हे ओंडके कमी वयाचे असल्याने त्यांत गाभ्याभोवतीचा पांढरा भाग पुष्कळ असतो, आणि किडीपासून बचाव करणारा सागाचा गुण गाभ्यात असतो, पांढऱ्यात नाही. पॉलिश करून रंग एकसारखा करता येतो. भुंगेरा मात्र रंगाला फसत नाही.

पुण्यातल्या पेठांमधले वाडे गेली कित्येक वर्षे पाडले जात आहेत आणि त्यांच्या तुळया, कड्या, खांब आणि दारे विकणारे व्यापारी आहेत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी करीत गेले की असे लाकूड दिसते: चुन्याने माखलेले, काजळी धरलेले, जागोजागी खिळे रुतलेले. पाच इंच चौरसाच्या आणि नऊ फूट लांबीच्या चार कड्या मी निवडल्या. लाकडाचा हिशेब घनफुटांत होतो; लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला 144 ने भागायचे, या रीतीने त्या सव्वासहा घनफूट भरल्या. तयार कपाटात तीन घनफुटांच्या आतच लाकूड जाते, पण चिरताना, रंधताना आणि खिळ्यांची भोके टाळताना निम्मे लाकूड भुशात आणि तुकड्यांत जाईल असे धरूनच चालावे लागते. निवडताना कडीचे एक टोक पटाशीने तासून पाहावे. आत मधासारखा सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट लागणारा पृष्ठभाग आणि कातड्याच्या वासाशी जवळीक असलेला तो विशिष्ट दर्प आला, की वरच्या काळ्या पुटाकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

जुन्या लाकडाची खरी मेहनत खिळ्यांची. लोहचुंबक दोऱ्याला बांधून कडीच्या चारही बाजूंनी फिरवला, जेथे तो ओढला गेला तेथे खडूची खूण केली आणि पक्कड, पहार व पटाशी यांनी एकेक खिळा उपटला. काही खिळे चौकोनी, हाताने घडवलेले होते. त्यांच्याभोवती लोखंड आणि सागातले टॅनिन यांच्या संयोगाने लाकूड निळसर काळे पडले होते. तेवढे डाग काढत बसलो नाही. ते खणांच्या मागच्या फळ्यांत आणि आतल्या चौकटींत जातील अशा बेताने तुकडे वाटले. लाकूड खिळेमुक्त आहे याची खात्री पटल्याखेरीज वखारीतला माणूस ते बँडसॉवर घेत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण एका खिळ्याने त्याचे पाते जाते. चिरताना मी जवळ उभा राहिलो आणि प्रत्येक कडी टोकाकडून पाहून, शक्य तितक्या फळ्यांत वलये उभी येतील अशी फिरवून घेतली. सागाच्या भुशाबद्दल एक सूचना येथेच करतो: हा भुसा पुष्कळांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रास देतो. साधा रुमाल पुरत नाही. चांगला मास्क लावावा आणि काम झाल्यावर कपडे झटकण्याआधी आंघोळीला जावे.

चिरून आणलेल्या फळ्या लगेच वापरल्या नाहीत. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांची थप्पी खोलीत रचली आणि माघ-फाल्गुन तशीच राहू दिली. शंभर वर्षांचे लाकूड सुकलेले असणारच, मग वाट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की कडी बाहेरून सुकलेली असली तरी तिच्या पोटातला ताण चिरल्यावर मोकळा होतो आणि फळी थोडी वळते. ते वळण रंधण्यापूर्वी होऊन गेलेले बरे.

कपाटाची उंची तीन फूट, रुंदी सव्वातीन फूट आणि खोली दीड फूट ठरली. खण वरून खाली मोठे होत जाणारे: 5, साडेसहा, 8 आणि 9 इंच उंचीचे. बाजू अखंड फळ्यांच्या करायच्या की चौकट-पॅनेलच्या, या निर्णयाने पुढचे सर्व काम ठरते, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. दीड फूट रुंदीची अखंड बाजू पावसाळ्यात मागे-पुढे मिळून पाच मिलिमीटरांपर्यंत फुगू शकते. तिच्या आत खण टेकण्याच्या पट्ट्या आडव्या बसवायच्या असतात आणि त्यांची लांबी मात्र बदलत नाही. पट्टी दोन्ही टोकांना सरस आणि स्क्रूने जखडली, तर बाजूला फुगायला जागा राहत नाही आणि उन्हाळ्यात आकसताना ती मध्येच तडकते. जुन्या कपाटांच्या बाजूंना उभ्या भेगा दिसतात त्यांचे कारण बहुधा हेच असते. चौकट-पॅनेलमध्ये ही अडचण राहत नाही. चौकटीचे आडवे तुकडे मागे-पुढे तंतूंच्या दिशेनेच असतात, म्हणून खोली जवळजवळ स्थिर राहते, आणि मधले पॅनेल चौकटीच्या खाचेत सरसाशिवाय मोकळे बसवल्याने ते त्याला हवे तेव्हा फुगते-आकसते. मी चौकट-पॅनेल निवडले. पॅनेलच्या दोन्ही कडांना खाचेत दीड-दीड मिलिमीटर जागा सोडली आणि चौकट जोडण्याआधीच पॅनेलला पॉलिशचे पहिले हात दिले. असे केले नाही तर पुढच्या चैत्रात पॅनेल आकसल्यावर कडेला बिनपॉलिशची फिकट रेघ उघडी पडते.

चौकटीचे सांधे खाच-कुसवाचे आहेत, म्हणजे एका तुकड्याचे तासलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसते. पाच इंची कड्यांतून रुंद फळ्या निघत नसल्याने पॅनेल, माथ्याची फळी आणि खणांच्या मोठ्या दर्शनी फळ्या पट्ट्या जोडूनच कराव्या लागल्या. जोडायच्या दोन कडा लांब रंध्याने सरळ करून एकमेकींवर उभ्या ठेवायच्या आणि मागे खिडकी असेल असे धरून पाहायचे. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. सागात नैसर्गिक तेल असते आणि ते सरसाला धरू देत नाही, म्हणून कडा रंधल्यावर त्याच बैठकीत थिनरच्या फडक्याने पुसून, थिनर उडताच पाण्याला टिकणारा फेविकॉल लावला आणि फळ्या दाबून धरणारे शिकंजे आवळले. लांब शिकंजे मिस्त्रींकडून उसने आणले होते. शिकंजे फार आवळले तर सरस सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने उभे राहिले की थांबावे.

सांगाडा उभा करताना कर्ण मोजणे ही एकच गोष्ट मी पुनःपुन्हा करीत राहिलो. काटकोन तपासायचा गुण्या एका कोपऱ्याचे सत्य सांगतो, सगळ्या सांगाड्याचे नाही. समोरचे दोन्ही कर्ण, मागचे दोन्ही कर्ण आणि प्रत्येक आडव्या चौकटीचे कर्ण सारखे आल्याखेरीज सरस सुकू द्यायचा नाही. मात्र एक फरक मुद्दाम ठेवला: खणाची जागा समोरच्यापेक्षा मागच्या बाजूला एक मिलिमीटर रुंद. याच्या उलट झाले तर खण आत जाता-जाता पाचरीसारखा घट्ट होत जातो आणि मग बाजू तासण्यावाचून उपाय राहत नाही.

यानंतरचे काम खणांचे, आणि या सगळ्या उद्योगातला माझा आवडता भाग तोच. दर्शनी फळ्या पाऊण इंच जाडीच्या सागाच्या. बाजू आणि पाठी अर्धा इंची शिवणीच्या. शिवणीचे लाकूड वजनाला हलके, रंगाला फिकट आणि स्वभावाने शांत असते. ते फारसे वळत नाही आणि पटाशीला मऊ लागते. तळाला 6 मिलिमीटरचा प्लायवुड घातला. अस्सल लाकडाच्या कामात प्लाय कशाला, असे म्हणणारे लोक आहेत. पण दीड फूट रुंदीचा लाकडी तळ फुगून खणाच्या बाजू उचकटू शकतो आणि प्लाय तसे करीत नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटले. बाजारातला 6 मिलिमीटरचा प्लाय पुष्कळदा भरतो कमी, म्हणून खाच छापील मापावर न पाडता हातातल्या तुकड्यावर पाडावी.

दर्शनी फळी आणि बाजू यांच्या जोडाला डोव्हटेल हवे, कारण खण ओढताना सगळा ताण याच सांध्यावर येतो. बाजूच्या फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते कापायचे आणि ते समोरच्या फळीत कोरलेल्या तशाच आकाराच्या खाचांत बसवायचे; मग सरस नसला तरी खण ओढून सांधा निघत नाही. समोरून सांधा दिसू नये म्हणून पाऊण इंच जाडीत अर्धा इंच खोलच खाच कोरतात आणि दर्शनी दोन सूत लाकूड अखंड ठेवतात. दात्यांचा उतार कठीण लाकडात आठास एक ठेवावा. प्रथम शिवणीच्या फळीवर दाते आखले आणि बारीक दात्यांच्या करवतीने कापले. नंतर ती फळी सागाच्या फळीच्या टोकावर आडवी ठेवून, धारदार चाकूच्या टोकाने दात्यांची कड सागावर उतरवली. येथे पेन्सिल चालत नाही. पेन्सिलीची रेघ जाड असते आणि त्या जाडीच्या कोणत्या बाजूला कापायचे हा प्रश्न राहतो. चाकूने पाडलेल्या रेघेत पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

खाच कोरताना साग आपला स्वभाव दाखवतो. त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते धार खातात. पटाशी सकाळी अंगावरचे केस उतरवील इतकी तेज केलेली असली, तरी दोन-तीन खाचांनंतर ती कापण्याऐवजी तंतू चिरडू लागते. खाचेच्या तळाशी गुळगुळीत पृष्ठाऐवजी ओरखडलेली पांढुरकी भुकटी दिसली की समजावे. म्हणून मी दगड आणि चामड्याची पट्टी कामाच्या फळीवरच ठेवली होती आणि खाच संपली की धार लावूनच पुढच्या खाचेला हात घालत होतो. काठाच्या रेघेवर पटाशी पहिल्याच घावात कधी ठेवू नये. लाकडी मोगरीचा ठोका बसला की पाचरीच्या आकारामुळे पटाशी मागे सरकते आणि रेघ मोडते; आधी रेघेपासून अर्धा सूत आत कोरून जागा मोकळी करावी आणि शेवटचा पातळ पापुद्रा हाताच्या दाबाने, मोगरीवाचून, उतरवावा. सांधा पुरता ठोकून पाहण्याचा मोहही टाळावा. निम्मा आत जाईपर्यंत पाहायचा, कोठे चमक आली आहे ते उजेडात शोधायचे, तेवढेच खरडायचे आणि पूर्ण बसवायचा तो सरस लावूनच. वरचेवर बसवला-काढला तर शिवणीचे मऊ दाते दबतात आणि सांधा ढिला होतो.

खण जागेवर बसवताना मिस्त्रींचा नियम पाळला. बाजूंना अगदी थोडी, जाड कागद जेमतेम सरकेल एवढीच फट. डोक्यावर मात्र खणाच्या उंचीप्रमाणे: खालच्या 9 इंची खणाला पूर्ण सूत, मधल्या दोहोंना त्याहून क्रमाने कमी आणि वरच्या 5 इंची खणाला अर्धा सूत. वैशाखात हे कपाट समोरून पाहणाऱ्या दोघा-तिघांनी खालच्या फटा मोठ्या राहिल्या आहेत असे सांगितले. त्यांना पावसाळ्यात या म्हटले. खण ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांवर साधी मेणबत्ती घासली. तेल अजिबात लावले नाही, कारण तेल लाकडात मुरते, धूळ धरते आणि काही दिवसांनी चिकट होते. माथ्याची फळी सांगाड्याला पुढच्या कडेने पक्की बसवली असून मागच्या बाजूला स्क्रूसाठी लांबट भोके ठेवली आहेत, म्हणजे फळीला जे काही सरकायचे ते ती मागच्या मागे, कोणाच्या नजरेस न येता सरकते.

पॉलिश मृगाच्या आत उरकायचे होते. ते लाखेचे करायचे ठरवले होते आणि लाखेला दमट हवा चालत नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिशवर दुधी सावट येते; म्हणून जून उजाडण्याआधीच्या कोरड्या सकाळी या कामाला सर्वांत चांगल्या. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. तो शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळतो, त्यालाच चपडा म्हणतात. एका लिटर स्पिरिटला सुमारे 240 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घातला आणि सकाळी मलमलीतून गाळला. लोखंडी डबा वापरू नये, लाख काळवंडते. तयार केलेले द्रावण फार दिवस ठेवण्यातही अर्थ नाही. जुनी लाख लावली तर ती सुकतच नाही, बोटाला चिकटत राहते. म्हणून लागेल तेवढीच भिजवावी.

त्याआधी लाकूड घासणे आलेच. रंध्याच्या खुणा पोलादी पट्टीने खरवडून काढल्या आणि नंतर 120, 180 आणि 220 नंबरचे पॉलिशपेपर याच क्रमाने, तंतूंच्या दिशेने फिरवले. मधला नंबर गाळून वेळ वाचत नाही; 120 चे ओरखडे 220 ने जात नाहीत, ते फक्त लपतात आणि पॉलिश लागले की उठून दिसतात. सागाची छिद्रे मोठी असतात. आरशासारखा पृष्ठ हवा असेल तर ती खडूची भुकटी, थोडा गेरू आणि जवसाचे तेल यांच्या लगद्याने भरावी लागतात. माझ्या मते सागाची छिद्रे भरून टाकली की तो साग वाटत नाही, म्हणून खणांच्या दर्शनी फळ्यांवर ती तशीच उघडी ठेवली आणि फक्त माथ्याची फळी भरली.

लाख ब्रशाने न लावता पुरचुंडीने लावली. मऊ झालेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात कापसाचा गोळा बांधायचा, लाख आतल्या कापसाला पाजायची आणि बाहेरच्या कापडातून ती झिरपेल तेवढीच लाकडाला द्यायची. हात फळीवर उतरवताना आणि उचलताना तो चालताच असावा. थांबलेली पुरचुंडी खालच्या थरातली लाख विरघळवते आणि चिकटून बसते. पहिले दोन-तीन हात लाकूड पिऊन टाकते आणि काही झालेच नाही असे वाटते. त्यानंतर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेर घेत, पुरचुंडीच्या तोंडाला जवसाच्या तेलाचा एखादाच थेंब लावून, पुढचे थर चढवत गेलो. प्रत्येक नवा थर आधीच्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, हा लाखेचा मोठा गुण; पुढे कधी ओरखडा पडला तर सगळे खरवडावे न लागता तेवढीच जागा पुन्हा पुसून घेता येते. तिचा दोषही तितकाच ठळक आहे. गरम कप ठेवला किंवा अत्तर, सॅनिटायझर सांडले की डाग पडलाच. म्हणून माथ्याच्या फळीला लाख न लावता जवसाचे तेल आणि व्हार्निश यांच्या मिश्रणाचे पातळ हात दिले. हे फडके वापरून झाल्यावर चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मग फेकावे.

कपाटाच्या आतल्या बाजूला, पाठीला आणि माथ्याच्या फळीच्या खालच्या अंगालाही हात दिला आहे. पॉलिश दमटपणा थांबवत नाही, फक्त त्याचा वेग मंदावते. पण एकाच अंगाला लावले तर दोन अंगे निरनिराळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाटीसारखी वळते. खणांच्या आत मात्र तेलाचा स्पर्शही नको. बंद जागेत तेलाला वर्षानुवर्षे खवट वास राहतो आणि तो कपड्यांना लागतो. तेथे लाखेचा एक पातळ हात पुरतो.

बोहरी आळीतून पितळी मुठी आणल्या. पितळी स्क्रू मऊ असतो आणि सागात पिळताना त्याचे डोके तुटते. म्हणून भोक पाडून त्यात आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडले, मग साबणावर घासलेला पितळी स्क्रू बसवला. घरात लहान मुले असतील तर कपाट पाठीमागून भिंतीला पट्टीने जखडावे. चारही खण एकदम उघडले की सगळे वजन पुढे येते.

यंदाचा आषाढ आणि श्रावण या कपाटाने काढला. ऑगस्टच्या मध्यास मोजले तेव्हा खालच्या खणाच्या डोक्यावरची फट अर्ध्या सुताहून थोडी कमी उरली होती आणि खण उन्हाळ्याइतकाच सहज येत होता. वैशाखात नाके मुरडणाऱ्यांपैकी एकाने तो स्वतः ओढून पाहिला. वरचा आणि तिसरा खणही ठीक आहेत. दुसऱ्या खणाच्या दर्शनी फळीतला एक तुकडा आडव्या वलयांचा आहे; तो शेजारच्या तुकड्यापेक्षा अधिक उठला आहे आणि भर पावसात खण त्या कोपऱ्यात किंचित घासतो. रंधा लावू का, असे मिस्त्रींना विचारले तर त्यांनी मान हलवली. "पावसात तासू नका. संक्रांतीनंतर फळी खाली बसली की मगच बघा, तेव्हा कदाचित तासायचं काही उरणारच नाही," असे ते म्हणाले. तोवर त्या कोपऱ्याला मेण लावले आहे आणि त्या खणात स्वेटर, शाली आणि रजईच्या खोळी ठेवल्या आहेत, ज्यांचे कार्तिकापर्यंत कोणाला काम पडत नाही.